पायांची आग: कुठली गोळी, कुठलं मलम, कुठलं पायताण

रात्री नऊच्या सुमाराला शटर अर्धं खाली ओढलं की हमखास एक गिऱ्हाईक येतं. एक पाय पायरीवर, दुसरा अजून रस्त्यावर. "दादा, पाय लई भगभगत्यात बघा. काय तर द्या." या 'काय तर'मध्ये काय काय येतं, हे कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या औषधाच्या दुकानात उभा राहून मी २२ वर्षं बघतोय. गेली काही वर्षं घरीही बघतोय. आईचा मधुमेह १९ वर्षांचा आहे आणि तिचेही पाय रात्री जळतात.

मी डॉक्टर नाही, औषधं विकणारा आहे. त्यामुळं हे वाचून स्वतःच्या मनानं गोळी बदलू नका. डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं आणि स्वतःबद्दल काय सांगायचं, त्यासाठी हे लिहितोय.

आधी दुखणं कुठलं ते ठरवा

वाढलेल्या साखरेनं शरीरातल्या सगळ्यात लांब नसा आधी बिघडतात. म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते, दोन्ही पायांत सारखीच, आणि मोजा चढवावा तशी वर सरकते. आग, मुंग्या, सुया टोचल्यासारखं, मधूनच करंट बसल्यासारखी कळ. चादर लागली तरी नको वाटतं. काहींना गादीवर चालल्यासारखं वाटतं. रात्री सगळंच जास्त.

याउलट रंकाळ्याला चालताना पोटरी धरते, कठड्यावर टेकलं की थोड्या वेळात सुटते आणि पुन्हा चालू लागलं की पुन्हा धरते, असं असेल तर तो बहुधा रक्तपुरवठ्याचा प्रश्न. त्याला पुढची एकही गोळी उपयोगाची नाही, रक्तवाहिन्यांची तपासणीच लागते. एकाच पायात कमरेपासून उतरणारी कळ असेल तर मणक्याकडं बघायला हवं.

आणि डायक्लोफिनॅक या दुखणं-सूज दाबणाऱ्या गोळीची पट्टी मागू नका. सांधा सुजला तर ती कामाची, पण बिघडलेल्या नसेवर तिचा फारसा उपयोग नाही. वर मधुमेहानं आधीच थकलेल्या किडनीवर आणखी भार. तरी दिवसातून चार-पाच जण मागतातच.

तीन गोळ्या

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा तीनपैकी एक नाव असतं: प्रिगॅबालिन, ड्युलॉक्सेटिन किंवा ॲमिट्रिप्टिलिन. कधी प्रिगॅबालिनच्या जागी तिची बहीण गॅबापेन्टिन, तर ॲमिट्रिप्टिलिनच्या जागी जरा सौम्य नॉरट्रिप्टिलिन.

गिऱ्हाईक विचारतं, "यातली भारी कुठली?" भारी कुठलीच नाही. ब्रिटनमध्ये या तिन्ही गोळ्या एकमेकींसमोर ठेवून, त्याच रुग्णांना आळीपाळीनं देऊन एक मोठी चाचणी झाली. २०२२ मध्ये तिचे निष्कर्ष आले. दहापैकी सरासरी ६.६ असलेलं दुखणं १६ आठवड्यांत ३.३ वर आलं. कुठल्याही गोळीनं सुरुवात केली तरी जवळपास तेवढंच. एकीनं भागलं नाही तिथं दुसरी जोडली होती, आणि त्या जोडीचा उपयोगही झाला. त्रास मात्र ज्याचा त्याचा वेगळा: प्रिगॅबालिननं गरगरणं, ड्युलॉक्सेटिननं मळमळ, ॲमिट्रिप्टिलिननं तोंडाला कोरड.

या आकड्यात मला दोन गोष्टी दिसतात. एक, दुखणं निम्मं होतं, शून्य होत नाही. शून्याची आशा धरून बसलेला माणूस दर महिन्याला डॉक्टर बदलतो. दुसरी, निवड करायची ती गोळी बघून नाही, तर तुम्हाला दुसरं काय काय आहे ते बघून.

झोप उडाली असेल तर प्रिगॅबालिन रात्रीची बरी पडते, साधारण ७५ मिलिग्रॅमपासून सुरू करतात. पण ती पायांना सूज आणते, वजन वाढवते. साखरेसाठी आधीच पायोग्लिटाझोन चालू असेल तर सूज दोन्हीकडून येते. हृदय कमजोर असेल तर जपून. क्रिएटिनिन (किडनी किती चालते ते सांगणारी रक्तातली तपासणी) वाढलेलं असेल तर मात्रा कमी करावी लागते, म्हणून तो रिपोर्ट डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उठू नका. सकाळी लवकर गाडीवरून दूध घालायला जाणाऱ्यांनी पहिले आठ-दहा दिवस सांभाळावं, झापड राहते.

ड्युलॉक्सेटिन मुळात उदासीवरचं औषध. "मला काय वेड लागलंय काय?" असं म्हणून पट्टी परत करणारे आहेत. वेडाचा काही संबंध नाही. मेंदू आणि मज्जारज्जूत दुखण्याचा निरोप दाबायची जी यंत्रणा आहे, तिला ही गोळी बळ देते. दुखण्यानं मनही खचलेलं असेल तर दोन्ही कामं होतात. ३० मिलिग्रॅमपासून चढवून बहुधा ६० वर थांबतात. जेवून घेतली तर मळमळ कमी. यकृत बिघडलेलं असेल, रोजची दारूची बैठक असेल किंवा किडनी फारच कमी चालत असेल तर ही नको. बीपी थोडं वाढू शकतं. ट्रॅमाडॉल ही दुखण्यावरची गोळी किंवा मनाच्या आजाराची दुसरी गोळी चालू असेल तर ते लपवू नका.

ॲमिट्रिप्टिलिन सगळ्यात जुनी आणि सगळ्यात स्वस्त. रात्री १० मिलिग्रॅमनं सुरुवात. पन्नाशीच्या आतल्या, बाकी तब्येत ठीक असलेल्या माणसाला ही का देत नाहीत, असं मला कित्येकदा वाटतं. वय झालेल्यांना मात्र लघवी अडकणं, बद्धकोष्ठता, उठल्या उठल्या चक्कर. प्रोस्टेट, काचबिंदू किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर हिच्या वाटेला जाऊ नये.

आईला आधी प्रिगॅबालिन दिली होती. झोप लागली, पण घोट्यापर्यंत सूज आली आणि बाथरूमला जाताना दोनदा तोल गेला. मग डॉक्टरांनी ती हळूहळू उतरवून ड्युलॉक्सेटिन दिली. आठवडाभर "मळमळतंय, बंद कर" चाललं, नंतर बसलं. आता विचारलं तर म्हणते, "आठ होतं, चारवर आलंय." माझ्या मावशीला नेमकं उलटं झालं, तिला प्रिगॅबालिनच मानवली.

तीन दिवसांत निकाल लावू नका. पुरेशी मात्रा झाल्यावर चार ते सहा आठवडे द्यावे लागतात. आणि बरं वाटलं म्हणून एकदम थांबवूही नका, यातली कुठलीच गोळी तशी सोडायची नसते. पैशाचा प्रश्न असेल तर जनऔषधी केंद्रात विचारा. माझ्याच धंद्याच्या विरोधात बोलतोय, पण वर्षानुवर्षं घ्यायच्या गोळीत फरक पडतो.

"ताकदीची" गोळी

मिथाइलकोबालामिन म्हणजे बी-१२. कित्येक कॅप्सूलमध्ये ते प्रिगॅबालिनसोबतच असतं, त्यामुळं लोकांना वाटतं की दुखणं त्यानंच थांबलं. पट्टीच्या मागची बारीक अक्षरं वाचा. दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्यांतून एकच औषध दोनदा घेणारे माझ्या काउंटरवर सापडलेत.

बी-१२ खरंच कमी असेल तर गोष्ट वेगळी. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी, वर रोजची ॲसिडिटीची गोळी, वर शाकाहार, असं तिन्ही जुळलं तर ते कमी होऊ शकतं, आणि त्यानंही पायांना अगदी अशाच मुंग्या येतात. म्हणून आधी रक्त तपासा, मग इंजेक्शन घ्या. इंजेक्शन आधी घेतलं तर रिपोर्ट वाढलेलाच येणार. कमी असेल तर भरून काढणं हा खरा इलाज. कमी नसेल तर सहा महिने लाल इंजेक्शनं टोचून पायांची आग थांबेल, असा भरवसा मी देणार नाही. आणि बी-कॉम्प्लेक्स मनानं वर्षभर खाऊ नका. त्यातलं बी-६ जास्त झालं की ते स्वतःच नसा बिघडवतं.

साखर आटोक्यात हवीच, त्यात दोन पर्याय नाहीत. पण खूप वाढलेली साखर एकदम खाली आणली तर काहींची आग उलट वाढते आणि काही महिनेही राहू शकते. "औषध लागू पडलं नाही" म्हणून तेव्हा इन्सुलिन सोडू नका, डॉक्टरांना सांगा.

मिरचीचं मलम की गरम पाण्याचा शेक

कोल्हापूरच्या माणसाला कॅप्सेसिन समजावून सांगावं लागत नाही. उन्हाळ्यात चटणी करताना हाताची जी आग होते, ती करणारा मिरचीतला पदार्थ तोच. त्याचं मलम दिवसातून तीन-चार वेळा, काही आठवडे लावलं की दुखण्याची खबर देणारी कातडीतली टोकं बोथट होतात. पोटात काही जात नाही, त्यामुळं आधीच दहा गोळ्या खाणाऱ्यांना सोयीचं. पण सुरुवातीला आग वाढते आणि निम्मे लोक तिथंच ट्यूब टाकून देतात. भेग, जखम असेल तिथं लावायचं नाही, लावल्यावर हात साबणानं धुवायचे, डोळ्याला लावायचे नाहीत. चटणी भरलेल्या हातानं डोळा चोळलेल्यांना हे दोनदा सांगायला नको. घरची चटणी तेलात कालवून पायाला लावणारेही भेटलेत मला. ते मात्र करू नका.

शेक स्वस्त, घरचा आणि लगेच बरं वाटणारा. माझ्या मते या सगळ्यातला धोकादायक पर्याय तोच.

जानेवारीतली सकाळ. आईनं आदल्या रात्री बंबातलं पाणी बादलीत ओतून पाय सोडून बसायचं केलं होतं. सकाळी बाथरूमपासून देवघरापर्यंत फरशीवर ओल्या पावलांचे ठसे होते, फक्त उजव्या पायाचे. मला वाटलं, पाय नीट पुसला नाही. तिला खुर्चीत बसवून तळवा वर केला, तर अंगठ्याखाली रुपयाएवढा फोड फुटून कातडं लोंबत होतं. "मला कुठं काय कळलं? पाणी कोमटच होतं की," ती म्हणाली. ज्या पायाला चादर सहन होत नव्हती, त्याच पायाला कढत पाणी कळलं नव्हतं. आग आणि बधिरपणा एकाच पावलात राहतात, हे मी पुस्तकात शिकलो होतो. घरात बंबाला टाळा लावायचं मात्र सुचलं नव्हतं. सात आठवडे ड्रेसिंग चाललं.

तेव्हा शेक, गरम पाण्याची पिशवी, हीटरसमोर पाय, तिन्ही नकोत. पाय धुवायचं पाणीसुद्धा घरातल्या दुसऱ्या कुणीतरी कोपर बुडवून बघावं.

काशाची वाटी की मशीन

तुपाचं बोट लावून काशाच्या वाटीनं तळवे घासायची आजीची रीत आणि त्याच काशाच्या थाळीचं फिरणारं मशीन. मशीनवर तेल काळं पडतं आणि "बघा, अंगातली घाण निघाली" असं सांगतात. घाण वगैरे काही नाही, काशातल्या तांब्याची तेलाशी आणि घामाशी होणारी क्रिया आहे ती. थाळी किती जोरात घासते हे बधिर तळव्याला कळत नाही, म्हणून मी आईला मशीनवर बसवत नाही.

वाटीनं नसा दुरुस्त होतात असंही माझं म्हणणं नाही. पण तिचा एक फायदा मशीनला नाही: वाटी फिरवणारा माणूस रोज तळवा बघतो. मागच्या दिवाळीत माझी मुलगी वाटी फिरवता फिरवता थांबली. "आजी, हे काय रुतलंय?" स्टेपलरची पिन होती. दिवसभर आई तिच्यावर चालली होती. फक्त हात हलका ठेवावा, शेवटी पाय पुसावा आणि बोटांच्या बेचक्यात तूप राहू देऊ नये, नाहीतर चिखल्या होतात.

वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पाय तपासून घ्या. नायलॉनचा १० ग्रॅम दाबाचा धागा तळव्याला टेकवून कळतंय का विचारतात, थरथरणारा स्वरकाटा (ट्यूनिंग फोर्क) घोट्याला लावून कंप कळतो का बघतात. दोन मिनिटांचं काम. मोजे काढल्याशिवाय ते होत नाही, म्हणून आपणच काढून बसावं.

पायताण की एमसीआर

इथं माझं मन आणि माझं ज्ञान भांडतात. कोल्हापुरी चप्पल म्हणजे आमची ओळख. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये तसल्याच चपला दिसल्यावर आम्ही सगळे पेटून उठलो. पण नवं पायताण चावतं, आणि चावतंय म्हणून कळतं तोवरच ते तेल लावून मऊ करता येतं. ज्याला कळतच नाही, त्याचा अंगठा त्या कातड्याच्या अंगठ्यात सोलून निघतो. तळ कडक, मागं पट्टा नाही, बोटं उघडी.

एमसीआर म्हणजे मऊ स्पंजी रबराचा तळ असलेली चप्पल, मागं पट्टा, वर वेल्क्रो. दिसायला दवाखान्यातली वाटते, हे खरं. पण दाब पसरून पडतो आणि चालताना पाय निसटत नाही. पाय बधिर असेल तर निवड हीच. माप संध्याकाळी द्या, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. घालण्याआधी आत हात फिरवून खडा आहे का बघा.

अंबाबाईच्या देवळात किंवा जोतिबाला अनवाणी जाणं सुटत नसेल तर दगड तापायच्या आत, पहाटे जाऊन यावं, पायात जाड सुती मोजे घालून. चैत्र यात्रेला दुपारच्या फरशीवर नको. तळव्याला फोड, काळा डाग, वास किंवा एकच पाय लाल, गरम आणि सुजलेला दिसला, दुखत नसला तरी, त्याच दिवशी दवाखाना. माझ्या दुकानात येऊ नका.

आईनं एमसीआर घालायला वर्षभर नकार दिला, फोडानंतर मुकाट्यानं घातली. तिचं कापशी घडणीचं कोल्हापुरी पायताण अजून आहे. लग्नकार्याला ती ते पिशवीतून नेते, खुर्चीत बसून घालते, फोटो झाला की काढून परत पिशवीत ठेवते.