हाताच्या घामावर पाण्याचं मशीन : नागपुरात नऊ महिने वापरून

आमच्या पतसंस्थेत नोटा मोजायला प्रत्येक काउंटरवर ओल्या स्पंजची डबी असते. माझ्या काउंटरवर अकरा वर्षांत ती कधी लागली नाही. "मॅडमच्या हातालेच नळ आहे," असं शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळे म्हणायचे आणि मीही हसायची. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. पासबुकावरची शाई पसरायची, व्हाउचरचे कोपरे मऊ पडायचे, आणि सकाळी हजेरीच्या मशीनवर अंगठा पुसपुसून तीनदा ठेवावा लागायचा. लग्नात तेवढं निभावलं. कन्यादानाला हातावर पाणीच सोडतात, त्यामुळे कोणाला काही कळलं नाही.

शाळेत होते तेव्हापासूनचं हे दुखणं. नागपूरचं ऊन आहे, घाम यायचाच, असं म्हणून घरच्यांनी सोडून दिलं. पण डिसेंबरच्या थंडीत, स्वेटर घालून बसलेल्या माणसाच्या तळहातातून थेंब गळत असतील तर त्यात उन्हाचा काय दोष? गेल्या हिवाळ्यात शेवटी धंतोलीत त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "झोपेत हात ओले असतात का?" नवऱ्याला विचारून सांगितलं, नसतात. दोन्ही हातांना सारखाच घाम, लहानपणापासून, झोपेत बंद, आईलाही तसंच. ही सगळी लक्षणं मूळच्याच, म्हणजे दुसऱ्या आजारामुळे न येणाऱ्या घामाची, असं ते म्हणाले. तरी थायरॉइड आणि साखर तपासून घेतली. दोन्ही ठीक निघालं. उलट रात्री झोपेत सगळं अंग भिजत असेल किंवा चाळिशीनंतर अचानक असा घाम सुरू झाला असेल, तर आधी तपासण्या करा, मशीनबिशीन नंतर.

मशीनचं नाव आयंटोफोरेसिस. नाव भारदस्त, वस्तू अगदी साधी. दोन प्लास्टिकचे ट्रे, प्रत्येकात धातूची पट्टी, तिच्यावर जाळी, दोन वायरी, आणि करंट कमी-जास्त करायचं एक बटण. ट्रेमध्ये पाणी भरायचं, एकेका ट्रेत एकेक तळवा ठेवायचा आणि पाण्यातून अगदी थोडा करंट जाऊ द्यायचा. उपाय जुनाच आहे. १९६८ मध्ये एका अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञानं अशा साध्या यंत्राची माहिती छापली होती, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा जरा धीर आला. नाहीतर हे काहीतरी जाहिरातीतलं खूळ असेल असंच मला वाटत होतं. जानेवारीच्या शेवटी साडेदहा हजारांना घेतलं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. मशीन चांगलं आहे, त्यांचा मदतीचा फोन नाही.

आता पहिला आठवडा. मी फार नीटनेटकी बाई. हात चांगल्या पाण्यात बुडवायचे म्हणून ट्रेमध्ये आरओचं पाणी भरलं. बटण फिरवत गेले, आकडा दोनच्या वर सरकेना. हाताला काही जाणवेना. कंपनीला फोन केला. त्यांनी मशीन परत पाठवायला सांगितलं, कुरिअरचा खर्च माझा. मी खोका शोधायला लागले. तेवढ्यात मामाजी, म्हणजे माझे सासरे, आले. ते वीज मंडळातून रिटायर झालेले. ट्रेमध्ये बोट बुडवलं, चाखलं, आणि म्हणाले, "हे आरओचं आहे न वो? यातले क्षारच काढून टाकले तर करंट वाहीन कायनं? नळाचं टाक." नळाचं टाकलं. आकडा सरसर चढला आणि हाताला झिणझिण्या आल्या. आमच्याकडे पेंच धरणाचं पाणी येतं, त्यावर मशीन छान चालतं. माझ्या बहिणीकडे बोअरचं जड पाणी आहे, तिच्याकडे तर आणखी लवकर चढतं. तुमच्याकडे चढतच नसेल तर चिमूटभर खायचा सोडा टाका. साडेदहा हजारांचं मशीन एका आठवड्यात परत जाणार होतं, एवढ्या एका गोष्टीपायी, आणि सोबतच्या पुस्तिकेत याचा एका ओळीनंही उल्लेख नाही.

रोजची पद्धत अशी. पाणी तळवा जेमतेम बुडेल एवढंच. मनगटापर्यंत भरलं तर नुसतीच आग होते. अंगठ्या, पाटल्या काढायच्या. यावरून सासूबाईंशी थोडं झालं, भुंडे हात त्यांना चालत नाहीत. काचेच्या बांगड्या ठेवल्या, वाद मिटला. करंट हळूहळू वाढवत पंधरा मिलिअँपिअरपर्यंत नेते, दहा मिनिटांनी पुन्हा शून्यावर आणून दिशा बदलते, आणखी दहा मिनिटं. नखाशेजारी साल निघालेली असेल, भाजी चिरताना कापलेलं असेल तर तिथे आधी व्हॅसलीन. पाण्याची कड जिथे हाताला लागते तिथेही लावायचं, नाहीतर तिथे लाल रेघ उमटते आणि दोन दिवस खाजते. आणि करंट चालू असताना हात झटकन बाहेर काढायचा नाही. मी एकदा कुकरची तिसरी शिट्टी झाली म्हणून काढला होता. चांगलाच झटका बसला.

आठवड्यातून चारदा, असं महिनाभर केलं. पहिले दोन आठवडे काहीच फरक नाही. उलट घाम वाढल्यासारखा वाटला. पुरे झालं म्हणून सोडणार होते. अठराव्या का एकोणिसाव्या दिवशी काउंटरवर पन्नासच्या नोटांचं बंडल मोजत होते आणि नोटा सुटेनात. एकीला दुसरी चिकटून यायला लागली, मोजणी चुकायला लागली. मला आधी वाटलं नोटाच खराब आहेत. मग लक्षात आलं की हात कोरडे आहेत. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा शेजारच्या काउंटरवरची स्पंजची डबी मागितली. तिथल्या बाईनं डबी दिली नाही, आधी माझा हात धरून पाहिला.

यापुढचं सगळं नागपूरच्या ऋतूंवर गेलं, आणि हे कुठल्याच पुस्तिकेत लिहिलेलं नसतं.

लोकांना वाटतं आपल्याकडे घामाची परीक्षा मे महिन्यात. तसं नाही. मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की घाम येतो केव्हा आणि वाळतो केव्हा ते कळत नाही. संध्याकाळी काळ्या कुर्त्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा दिसतात, तेवढाच पुरावा. म्हणून तर तहान लागायच्या आधी ताक-पन्हं प्यायचं असतं. डॉक्टरांनी हे फार छान समजावलं होतं: आपलं अंग म्हणजे कूलर आहे. खस ओली असते, तिच्यातून कोरडी हवा जाते, पाण्याची वाफ होते आणि ती वाफ उष्णता घेऊन जाते. अंगावरचा घाम हेच करतो. पण जुलैत हवाच ओली असते. कूलर चालू केला की खोली दमट, गादी चिकट, गारवा शून्य. घामाचंही तसंच: येतो, वाळत नाही, गळत राहतो. आपल्याकडे मृगाचा पाऊस पडला की लोक कूलरच्या टाकीचं पाणी बंद करतात. घामाला बंद करायचा नळ नसतो.

एप्रिलच्या शेवटापर्यंत मी आठवड्यातून एकदाच मशीन लावत होते. मे महिन्यात तेही जास्त झालं. एकीकडे लू, दुसरीकडे मशीन. बोटांची टोकं सुकून त्यांना भेगा पडल्या. आणि मग जे झालं ते कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही: हजेरीच्या मशीननं पुन्हा अंगठा घ्यायला नकार दिला. पूर्वी ओला म्हणून, आता कोरडा म्हणून. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर मी मशीन पूर्ण बंद ठेवलं, रात्री हाताला खोबरेल तेल चोळलं, तेव्हा कुठे अंगठा लागायला लागला. जून संपता संपता घाम परत आला, पण पूर्वीसारखे थेंब नाहीत, फक्त ओलसरपणा. मग जुलै ते सप्टेंबर आठवड्यातून दोनदा. पोळ्याच्या गडबडीत दहा-बारा दिवस खंड पडला. मारबतीच्या मिरवणुकीला पोरीचा हात धरून उभी होते, तर तीच म्हणाली, "आई, पुन्हा सुरू झालं." हे मशीन म्हणजे कायमचा इलाज नाही हे धरूनच घ्या. खंड पडला की घाम परत येतो. लावलं की जातो. माझ्यापुरतं सांगायचं तर शंभरातला ऐंशी टक्के घाम गेला. उरलेला वीस टक्के ऑडिटर आले की येतो.

विजेचं एक सांगून ठेवते. मशीन अडॅप्टरवर चालत असेल आणि मध्येच लाइट गेली तर करंट एकदम तुटतो आणि हाताला जोराचा हिसका बसतो. उन्हाळ्यात संध्याकाळी आमच्याकडे हे चार वेळा झालं. शेवटी मी पहाटे, सगळे झोपलेले असताना लावायला लागले. बॅटरीवर चालणारं मिळत असेल तर हजार-दोन हजार जास्त गेले तरी तेच घ्या. मी पैसे वाचवायला गेले.

पायांसाठीही हेच ट्रे चालतात. रविवारी लावते, पण प्रामाणिकपणे सांगायचं तर पायांना निम्माच गुण आला. तळपायाची कातडी जाड. रबरी चपलेत पाय अजूनही चपचप करतो.

काखेसाठी मशीन नाही. तिथे डॉक्टरांनी वीस टक्के ॲल्युमिनियम क्लोराइडचा रोल-ऑन दिला. तो मी सुरुवातीला चुकीचा वापरला. सकाळी आंघोळ करून, डिओ मारतात तसा मारला आणि स्कूटीवर बसले. बर्डीचा सिग्नल येईपर्यंत काखेत मिरची चोळल्यासारखी आग. ओल्या कातडीवर त्याचं आम्ल बनतं, म्हणून. तो रात्री लावायचा, कातडी पूर्ण कोरडी करून, पंख्याखाली दहा मिनिटं हात वर करून बसायचं, मग लावायचा आणि सकाळी धुऊन टाकायचा. रात्री घाम कमी असतो, तेव्हा औषधाला घामाच्या छिद्रांत बसायला सवड मिळते. केस काढल्याच्या दिवशी अजिबात नाही. पहिला आठवडा रोज रात्री, आता आठवड्यातून एकदा पुरतो. आणि डिओनं घाम थांबत नाही, फक्त वास झाकला जातो, हे कळायला मला पस्तिसावं वर्ष उजाडलं. तोवर किती पैसे घातले ते मोजलेले नाहीत, मोजणारही नाही.

गोळ्यांबद्दल. ग्लायकोपायरोलेट नावाची गोळी असते, तिनं सगळ्या अंगाचाच घाम कमी होतो. फेब्रुवारीत भावाच्या साखरपुड्याला डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दोन दिवस घेतली. हात छान कोरडे राहिले, पण तोंडही कोरडं ठाक. पुरणपोळीचा घास घशाखाली उतरेना, तूप घालून घालून उतरवला. मार्चमध्ये पुन्हा मागायला गेले तर त्यांनी साफ नाही म्हटलं. "कूलरचं पाणी बंद करायचं आणि बाहेर पंचेचाळीस डिग्री? उष्माघात होईल." २३ मे २०१३ ला या गावानं ४७.९ डिग्री पाहिलेलं आहे, त्यामुळे मी वाद घातला नाही. मशीनचं मला हेच आवडलं. ते फक्त हाताचा घाम थांबवतं, बाकीचं अंग आपलं काम करत राहतं.

बोटॉक्सची इंजेक्शनं आणि छातीतली नस कापायचं ऑपरेशन, हे दोन्ही डॉक्टरांनी सांगितलं होतं. इंजेक्शनाचा असर काही महिने टिकतो, पुन्हा घ्यावं लागतं, आणि तळहातात सुया फार दुखतात. ऑपरेशननंतर हात सुकतात पण पाठ-पोटावर घाम वाढू शकतो, हे ऐकल्यावर मी तो विषय तिथेच सोडला. पाठीला आधीच काय कमी आहे.

पेसमेकर असेल, दिवस गेलेले असतील, फिट येत असतील किंवा हातात प्लेट-रॉड बसवलेला असेल तर हे मशीन लावायचं नाही. माझ्या मावशीला मनगटात प्लेट आहे. तिनं हौसेनं मागितलं, मी दिलं नाही, ती महिनाभर रुसली.

घरात एक गिऱ्हाईक मात्र तयार झालं आहे. पोरगी नऊ वर्षांची, चौथीत. तिच्या गणिताच्या वहीचं पान खालच्या कोपऱ्यात नेहमी फुगलेलं असतं, माझं असायचं तसंच. मी मशीन लावून बसले की शेजारी येऊन बसते आणि विचारते, "मला केव्हा झिणझिण्या देशील?" डॉक्टर म्हणाले, एवढ्यात नको, जरा मोठी होऊ दे. सध्या तिच्या हाताखाली टीपकागद ठेवते. आठवड्याला चार लागतात. महाल भागातल्या स्टेशनरीवाल्याला आता न सांगताच कळतं. मी दुकानाची पायरी चढले की तो गठ्ठा काढून ठेवतो.