कार्ब्युरेटर नजरेआड सोपवण्यापूर्वी

जुन्या मोटारसायकलच्या कार्ब्युरेटरमधून (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागातून) पेट्रोल गळू लागले असेल, तर तो काढून कोणाच्या हाती देण्यापूर्वी हा अनुभव वाचावा, ही विनंती. माझा मूळ कार्ब्युरेटर गेला तो गेलाच.

माझ्या मोटारसायकलवर अमल या ब्रिटिश कंपनीच्या बनावटीचा ‘कॉन्सेंट्रिक’ प्रकारचा कार्ब्युरेटर होता. हा प्रकार १९६७ साली आला. त्याच्या अंगावर ठोकलेला क्रमांक पाहिला, की आतील मार्गाचा व्यास कळतो; माझ्या कार्ब्युरेटरवर ६२६ होते, म्हणजे शेवटच्या दोन आकड्यांप्रमाणे २६ मिलिमीटर. गाडी उभी असताना पेट्रोल कॉक (टाकीखालची तोटी) उघडा राहिला, की टिकलरजवळून (गाडी सुरू करण्यापूर्वी दाबायच्या छोट्या बटणाजवळून) पेट्रोल ठिबके आणि कॉक बंद केल्यावर थोड्याच वेळात थांबे. या एका लक्षणावरूनच दोष ओळखता आला असता. कार्ब्युरेटरच्या तळाच्या वाटीत, म्हणजे बाऊलमध्ये, पेट्रोल साठते; त्यावर तरंगणारा फ्लोट वर आल्यावर नीडलने (टोकदार सुईने) सीटवर, म्हणजे पेट्रोल येण्याच्या छिद्राच्या कडेवर, घट्ट बसून पेट्रोल अडवायचे असते. ती बसली नाही, तर पातळी वाढत जाऊन पेट्रोल वरच्या बाजूने बाहेर पडते. बाऊलला खालून भेग असती, तर कॉक बंद केल्यावरही त्यातले पेट्रोल भेगेच्या पातळीपर्यंत उतरेतोवर गळत राहिले असते.

हा विचार मी तेव्हा केला नाही. मेकॅनिकने बाऊलखालची एक बारीक रेषा दाखवली, तिच्यावरून पेट्रोलचे बोट फिरवले आणि ओली झालेली ती रेषा म्हणजे भेग आहे, हा मिश्रधातू जोडता येत नाही, त्यामुळे संपूर्ण कार्ब्युरेटर बदलावा लागेल, असे सांगितले. नवा मूळ बनावटीचाच मिळेल, असा शब्द दिला. मी कार्ब्युरेटर त्याच्याकडे ठेवून घरी आलो, ही माझी सर्वांत मोठी चूक. बाऊल काढून, पुसून, त्यातले पेट्रोल येण्याचे तोंड बंद करून, पेट्रोलने भरून कोऱ्या कागदावर तासभर ठेवला असता, तर भेग आहे की नाही, हे तिथेच कळले असते. (ही तपासणी उघड्या हवेत, ज्योत आणि ठिणगीपासून दूरच करावी.)

नवा कार्ब्युरेटर बसवल्यावर काही दिवसांतच तेच ठिबकणे, त्याच जागी पुन्हा सुरू झाले. या वेळी बाऊलचे दोन स्क्रू मी स्वतः काढले. तळाशी तांबूस गंजाचे कण होते आणि त्यांतला एक नीडलच्या टोकाखाली अडकला होता. टाकी आतून गंजली होती आणि कॉकवरची जाळी फाटलेली होती. टाकी स्वच्छ करून, जाळी बदलून आणि पेट्रोलच्या नळीत फिल्टर बसवल्यावर गळती थांबली. विशेष म्हणजे, जिला भेग म्हटले गेले होते ती रेषा या नव्या बाऊलवरही नेमक्या त्याच जागी होती: ती साच्याच्या दोन भागांच्या सांध्याची खूण होती.

मग मी बाकीचे भाग पाहिले. अंगावर क्रमांक नव्हता, मेन जेटवर (पेट्रोलचे प्रमाण ठरवणाऱ्या छिद्राच्या तुकड्यावर) आकडा नव्हता आणि स्लाइड (हवेचा मार्ग कमी-जास्त करणारी सरकती नळी) इतकी सैल होती, की इंजिन मंद गतीवर स्थिर राहीना. नक्कल केलेला भाग वापरण्यात गैर काही नाही; तो मूळ म्हणून ग्राहकाच्या माथी मारणे आणि ग्राहकाचा मूळ भाग ठेवून घेणे, ही फसवणूक आहे. जुना परत मागितल्यावर मेकॅनिकने आधी तो भंगारात गेल्याचे सांगितले, नंतर कोणीतरी नेल्याचे सांगितले आणि पुढे फोन घेणेच बंद केले. पावतीवर केवळ ‘कार्ब्युरेटर दुरुस्ती’ असे लिहिलेले होते. नव्या भागाचा किंवा जुना ठेवून घेतल्याचा उल्लेखच नसल्याने माझ्याकडे दाखवायला काही उरले नाही. म्हणून भाग देताना त्यावरील क्रमांकासह छायाचित्र काढावे, तो क्रमांक पावतीवर लिहून घ्यावा आणि काढलेला प्रत्येक भाग परत मिळेल, हे काम सुरू होण्याआधीच लेखी ठरवावे.

गळती दिसत असताना कॉक उघडा ठेवून गाडी उभी करू नये. पेट्रोल सिलिंडरमध्ये उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळते, ऑइल पातळ होते आणि बेअरिंगची झीज होते. माझ्या ऑइललाही पेट्रोलचा वास येत होता, म्हणून ते बदलावे लागले. गाडी आता गळत नाही, पण तिच्यावर क्रमांक नसलेला कार्ब्युरेटर आहे, आणि ६२६ हा आकडा माझ्याकडे फक्त एका जुन्या छायाचित्रात उरला आहे.