चिपळूणच्या पुरानंतरचा घराचा विमा: सर्व्हेअरला पाच तारे, क्लेम विभागाला दोन

पैसे मिळाले, हे आधीच सांगते. 22 जुलै 2021 च्या पुरात आमचं मुरादपूरचं बैठं घर बुडालं. त्याचा क्लेम पास झाला, रक्कम खात्यात आली आणि त्याच पैशातून घर पुन्हा उभं राहिलं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण क्लेमच्या टेबलावर काय चालतं हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि ते कुठल्याही कंपनीत थोड्याफार फरकाने तसंच असणार.

पॉलिसी होती 'भारत गृह रक्षा'. विमा नियामकाने 1 एप्रिल 2021 पासून ही एकसारखी पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना लागू केली. आमचं नूतनीकरण मे महिन्यात होतं, म्हणून जुनी जाऊन ही नवी हाती आली. बांधकामाची विमा रक्कम 16 लाख. या पॉलिसीत बांधकामाच्या रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत, घरातल्या सामानाचा विमा आपोआप धरला जातो. म्हणजे आमचं सामान 3 लाख 20 हजारांपर्यंत सुरक्षित होतं. दागिने आणि मौल्यवान वस्तूंसाठी वेगळा पर्याय घ्यावा लागतो, रोख रक्कम तर धरतच नाहीत. आणखी एक मोठी गोष्ट: घराची किंमत कमी लावली होती या कारणावरून क्लेममध्ये काटछाट करता येत नाही. जुन्या प्रकारच्या पॉलिसीत लोकांचं नुकसान नेमकं तिथेच व्हायचं.

आता पाण्याचं. 2005 च्या पुराची खूण आमच्या ओटीच्या भिंतीवर होती. या वेळी पाणी त्या खुणेच्या कितीतरी वर गेलं. सासूबाईंना घेऊन आम्ही शेजारच्यांच्या गच्चीवर होतो. पाणी ओसरल्यावर दार ढकललं तर आतून उघडेना, कारण फ्रिज तरंगत येऊन दारामागे आडवा पडला होता. प्लायवूडची कपाटं फुगून बंद झालेली. गाद्यांना पाणी इतकं की दोन माणसांना एक उचलेना. सगळ्यावर बोटभर जाडीचा तेलकट गाळ आणि त्याला डिझेलचा वास.

फोनला रेंज नव्हती, वीज नव्हती. रेंज आल्यावर ह्यांनी टोल फ्री नंबर लावला. पलीकडचा मुलगा नम्र होता, पण त्याचं एकच, "सर, फोटो ईमेल कर दीजिए." चार्जिंग नाही, गावात वीज नाही, हे त्याला कळत नव्हतं असं नाही, पण त्याच्यापुढच्या स्क्रीनवर दुसरा रस्ताच नसावा. शेवटी त्याने तोंडी माहितीवर क्लेम नंबर दिला. तो मी वहीत, हातावर आणि भिंतीवर, तिन्हीकडे लिहून ठेवला.

खरा पेच नंतर आला. स्वच्छतेला मुंबई-पुण्याहून मुलं आली होती, त्यांचे उपकार चिपळूण विसरणार नाही. त्यांतला एक माझाच विद्यार्थी. तो म्हणाला, "बाई, हे सगळं बाहेर काढून टाकूया. वास सुटलाय, लेप्टोच्या तापाची भीती आहे." त्याचं बरोबर होतं. पण सर्व्हेअरने, म्हणजे विम्यासाठी नुकसान मोजायला येणाऱ्या माणसाने, ते पाहिल्याशिवाय सामान टाकलं तर पुढे सिद्ध कसं करायचं? आम्ही मधला मार्ग काढला. गाद्या, धान्य, कपडे यांचे फोटो काढून लगेच टाकले. फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर, टीव्ही, शिलाई मशीन मागच्या पडवीत रांगेने ठेवली आणि प्रत्येकाची कंपनी नि मॉडेल लिहिलेली पट्टी दिसेल असा फोटो घेतला. भिंतीवर पाण्याची रेघ होती, तिच्या शेजारी टेप धरून ह्यांचा फोटो काढला. पुढे हाच फोटो सगळ्यांत जास्त कामाला आला.

सर्व्हेअर पुण्याहून आले. ठरावीक रकमेच्या वरच्या नुकसानीला परवानाधारक सर्व्हेअर लागतोच. या गृहस्थांना मी पूर्ण पाच तारे देते. चिखलात चप्पल काढून आत आले, सासूबाईंना नमस्कार केला आणि कामाला लागले. खोलीगणिक भिंती मोजल्या. प्लॅस्टरवर बोटाने ठकठक करून पोकळ आवाज कुठून कुठपर्यंत येतो ते ऐकलं आणि तेवढ्या भागावर खडूने खूण केली. मीटरबोर्ड उघडून आतला गाळ दाखवला आणि म्हणाले, "काकू, वायरिंग पूर्ण बदलायचं, नुसतं वाळवून चालणार नाही. मी तसंच लिहितोय." मला न सुचलेल्या दोन गोष्टी त्यांनीच यादीत घालायला लावल्या: गाळ उपसायला दिलेली मजुरी, कारण राडारोडा काढण्याचा खर्च क्लेमच्या 2 टक्क्यांपर्यंत मिळतो, आणि घर राहण्याजोगं होईपर्यंत दुसरीकडे दिलेलं भाडं. भाड्यासाठी घर राहण्यालायक नाही असा लेखी दाखला लागतो, तो नगरपालिकेतून आणायला सांगितलं. तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रतही त्यांनी मागून घेतली. सरकारी मदत मिळाली म्हणून विम्याची रक्कम कमी होणार का, असं मी विचारलं. म्हणाले, "नाही, ते वेगळं खातं."

इथवर सगळं उत्तम. मग फाइल कंपनीच्या क्लेम विभागात गेली.

बांधकामाचं नुकसान आम्ही 1 लाख 86 हजार लावलं होतं, 1 लाख 58 हजार मंजूर झालं. रंगाच्या दर्जावरून थोडी काटछाट होती, ती मला मान्य आहे. सामानाचे मात्र 2 लाख 31 हजारांपैकी 1 लाख 4 हजारच. कारणं दोन: बिलं नाहीत आणि वस्तू जुन्या.

बिलं कुठून आणायची? आमची बिलं ज्या कपाटात होती ते कपाटच बुडालं. दुकानदारांकडून दुसरी प्रत मागावी तर बाजारपेठच पाण्याखाली गेलेली, त्यांचे कॉम्प्युटर आणि वह्या आमच्या आधी बुडालेल्या. हे चिपळूणच्या क्लेमवर बसलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागावं, याचा मला अजून राग येतो. शेवटी पुरावा दिला तो गणपतीने. दरवर्षी आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो, आणि डोंबिवलीच्या नणंदबाई आरतीचे ढीगभर फोटो काढतात. त्यांच्या मोबाइलमध्ये मागच्या चार वर्षांचे फोटो शाबूत होते. मखराच्या मागे टीव्ही, डावीकडे फ्रिज, स्वयंपाकघराच्या दारातून दिसणारं वॉशिंग मशीन. सगळं तारखेसकट. त्याला बँकेच्या पासबुकातल्या हप्त्यांच्या नोंदी जोडल्या.

वस्तू जुनी म्हणून घसारा लावण्याबद्दल मी पॉलिसीचं पुस्तक काढून बसले. त्यात सामानाबद्दल स्पष्ट लिहिलंय की कंपनी एकतर दुरुस्तीचा खर्च देईल किंवा तशीच वस्तू बदलून घेण्याचा. वयानुसार निम्मी किंमत द्यायची असं कुठेही नाही. ते कलम शब्दशः उतरवून तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला आणि खाली लिहिलं की समाधान झालं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाणार. लोकपालांकडे फी नसते, वकील लागत नाही. कंपनीने नकार दिला किंवा महिनाभर उत्तर दिलं नाही की जाता येतं. नियामकाकडे ऑनलाइन तक्रारीची सोय आहे, तिला आता 'बिमा भरोसा' म्हणतात.

तिथे जावं लागलं नाही. सामानाची रक्कम सुधारून 1 लाख 89 हजार झाली. भाडं आणि गाळाची मजुरी वेगळी आली. सुधारित पत्रात आधी चूक झाल्याचा एक शब्दही नव्हता, आणि क्लेम विभागाला मी दोनच तारे देते ते त्यासाठीच. आमच्या गल्लीत एक आजी एकट्या राहतात, त्यांचीही अशीच पॉलिसी होती. त्यांनी पहिलंच पत्र सही करून परत पाठवलं होतं. पूर्ण आणि अंतिम रक्कम मान्य असल्याच्या कागदावर सही झाली की पुढे भांडणं फार अवघड जातं. त्यांच्या वाट्याला जे आलं नाही, ते मला माझ्या मिळालेल्या रकमेपेक्षा जास्त बोचतं.

नूतनीकरण याच कंपनीकडे केलंय, बांधकामाची रक्कम 22 लाख करून. सोबत शाखेला लेखी विचारलंय की पॉलिसीचं पुस्तक आणि मंजुरीचं पत्र मराठीतून मिळेल का, आमच्या गल्लीतल्या सगळ्यांसाठी. उत्तर आलेलं नाही. आलं की इथे लिहीन.