अपघात दाव्यासाठी वकील केला, त्याला आता चौदा महिने झाले

निकाल अजून लागलेला नाही, हे आधीच सांगते. तरी आत्ताच लिहितेय, कारण निकाल लागला की सगळे आकडा विचारतात, आणि वकिलाने काय काम केलं ते आकड्यात दिसत नाही.

मी शिवणकाम करते, जास्त करून ब्लाउज आणि ड्रेस. वय ३८. मागून आलेल्या टेम्पोची स्कूटरला धडक बसली, उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं, प्लेट बसवावी लागली. तिसऱ्या दिवशी वॉर्डात एक अनोळखी माणूस कोरं वकीलपत्र घेऊन हजर. सही करा, तुम्हाला एक रुपया खर्च नाही, मिळेल त्यातले ३० टक्के आमचे. नवऱ्याने पेन हातात घेतलंही होतं. नणंद म्हणाली, आज नको. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा भरपाईत वाटा घ्यायला वकिलाला मनाई आहे, हे मला नंतर कळलं. आणि ज्याचा वाटा असतो त्याला प्रकरण लवकर मिटलेलं हवं असतं. माझा हात किती सुधारणार हे समजायलाच आठ महिने गेले, तोवर आमचं सगळं मिटून गेलं असतं.

नणंदेच्या ओळखीतून वकील मॅडमकडे गेलो. अपघात कसा झाला हे त्यांनी बऱ्याच वेळाने विचारलं. आधी म्हणाल्या, "ताई, कात्री धरून दाखवा." कागद कापायची कात्री दिली, ती धरता आली. मग त्यांनी विचारलं, "कापड कापायची कात्री अशीच असते का?" नसते. ती जड असते, आणि चार पदरी कापड कापताना सगळा जोर मनगटावर येतो. ते त्यांनी माझ्याच शब्दांत लिहून घेतलं. त्या दिवशी मी त्यांना निवडलं, आणि निवड चुकली असं या चौदा महिन्यांत एकदाही वाटलं नाही.

फीचे तीन टप्पे ठरले: दाखल करताना, पुराव्याच्या वेळी, निकालानंतर. रक्कम आधीच सांगितलेली, प्रत्येक वेळी पावती. महिलांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली मोफत वकील मागता येतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हे मला उशिरा समजलं. ज्यांच्याकडे फी द्यायला पैसे नाहीत त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात आधी चौकशी करावी.

दावा मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली आहे. दोन गोष्टी मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितल्या. पूर्वी असा अर्ज करायला मुदत नव्हती, पण १ एप्रिल २०२२ पासून अपघातापासून सहा महिन्यांची मुदत कायद्यात आली आहे. "हात बरा होऊ दे, मग बघू" असं आम्ही म्हणत बसलो असतो तर अडचण झाली असती. दुसरी गोष्ट, अपघात परजिल्ह्यात झाला असला तरी आपण राहतो तिथल्या मोटार अपघात दावा प्राधिकरणात अर्ज चालतो. प्लास्टरमधला हात घेऊन दर तारखेला चार तासांचा प्रवास माझ्याने झाला नसता.

पोलिसांच्या कागदांमागे त्या स्वतः लागल्या. नवीन नियमांत ४८ तासांत पहिला अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल प्राधिकरणाकडे पाठवायचा असतो. आमच्या कागदांत टेम्पोची आदल्या वर्षीची, मुदत संपलेली पॉलिसी लावलेली होती. ते तसंच राहिलं असतं तर विमा कंपनी पहिल्याच जबाबात अंग काढून मोकळी झाली असती. मॅडमनी चालू पॉलिसी मिळवली. एफआयआर, पंचनामा आणि डिस्चार्ज कार्डच्या प्रती मीही आणल्या असत्या, पण पॉलिसीवरची तारीख मला दिसली नसती.

खरी मेहनत पुढे होती. माझं उत्पन्न कशावरून दाखवायचं? मी आयकर विवरणपत्र कधी भरलेलं नाही. मी म्हटलं, माझ्याकडे कागदच नाही. त्या म्हणाल्या, "मापाची वही असेल ना?" तीन वह्या होत्या. प्रत्येक पानावर गिऱ्हाइकाचं नाव, मापं, शिलाई, अॅडव्हान्स, द्यायची तारीख. अपघाताआधीच्या बारा महिन्यांची बेरीज आम्ही दोघींनी त्यांच्या ऑफिसात बसून केली. खर्च वजा जाता महिन्याला साधारण १२,००० निघाले. मोबाइलवर आलेल्या पैशांचं बँक स्टेटमेंट त्याला जोडलं.

टक्क्यांचा हिशेब मला सगळ्यात उशिरा कळला, म्हणून जरा सविस्तर लिहिते. अपंगत्वाच्या दाखल्यावर उजव्या हाताचे २४ टक्के आले. विमा कंपनी म्हणते, पूर्ण शरीराच्या मानाने ते ८ टक्केच. पण सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या निकालात सांगितलं आहे की अवयवाचे टक्के म्हणजेच कमाईचं नुकसान असं धरायचं नाही. त्या माणसाच्या त्या कामावर किती परिणाम झाला ते पाहायचं. कारकुनाचं मनगट आणि माझं मनगट यात फरक आहे, तो असा. मॅडमनी कमाईचं नुकसान ३० टक्के मागितलं आहे. २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे स्वतःचं काम करणाऱ्या चाळिशीच्या आतल्या माणसाच्या उत्पन्नात पुढच्या वाढीसाठी ४० टक्के मिळवतात. २००९ च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्यात ३६ ते ४० वयाला १५ चा गुणक आहे, म्हणजे वर्षाचं नुकसान १५ ने गुणायचं. म्हणजे १२,००० मध्ये ४० टक्के मिळवून वर्षाचे २,०१,६००, त्याचे ३० टक्के ६०,४८०, गुणिले १५, एकूण ९,०७,२००. औषधोपचार, वेदना, मधल्या महिन्यांची बुडालेली कमाई हे वेगळं. विमा कंपनीने उत्पन्न ८,००० धरलं, वाढ धरलीच नाही, आणि ८ टक्क्यांनी त्यांचा आकडा १,१५,२०० आला. गुणक दोघांचाही १५ च होता.

लोकअदालतीत विमा कंपनीने सगळं मिळून २,६०,००० देऊ केले. तिथली तडजोड अंतिम, तिच्यावर अपील नाही. मॅडमनी दोन्ही हिशेब शेजारी शेजारी लिहिले, अंदाजे किती वेळ लागेल ते सांगितलं आणि निर्णय माझ्यावर सोडला. मी नको म्हटलं. घरात नवऱ्याचा पगार येतो म्हणून म्हणू शकले. तो नसता तर मी ते पैसे घेतले असते, आणि कुणी मला त्यासाठी बोल लावू नये. मंजूर रकमेवर सहसा अर्जाच्या तारखेपासून व्याज मिळतं, एवढा आधार होता.

तक्रारीही आहेत. मॅडम फोन उचलत नाहीत. निरोप ज्युनियरकडे द्यावा लागतो आणि तो दोनदा विसरला. एकदा मी दुकान बंद ठेवून गेले, तर न्यायाधीश रजेवर होते आणि हे ऑफिसला आदल्या दिवशीच माहीत होतं. त्या दिवशी मला खरंच रडू आलं. तेव्हापासून सीएनआर क्रमांक, म्हणजे आपल्या प्रकरणाचा सोळा अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक, टाकून ई-कोर्ट्स अॅपवर मीच तारीख बघते. वकील कितीही चांगला असला तरी पहिल्याच दिवशी तो क्रमांक मागून घ्या.

गेल्या महिन्यात माझा उलटतपास झाला. आदल्या संध्याकाळी मॅडमनी मला तासभर बसवलं. उत्तर पाठ करून घेतलं नाही. एवढंच म्हणाल्या, विचारलं तेवढंच सांगा, खरं तेच सांगा, आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. विमा कंपनीच्या वकिलांनी हेल्मेट होतं का विचारलं. होतं. मग विचारलं, "तुमचं दुकान आजही चालू आहे, हे खरं ना?" मी म्हटलं, खरं. "तुम्ही आजही शिवता?" मी म्हटलं, शिवते, कापत नाही. कापायला बाई ठेवली आहे, तिला कपड्यामागे पैसे देते. ते थोडा वेळ थांबले आणि दुसऱ्या प्रश्नावर गेले.

आता डॉक्टरांची साक्ष राहिली आहे. मापाच्या तिन्ही वह्या पुरावा म्हणून जमा आहेत, त्यामुळे नव्या ऑर्डरी चौथ्या वहीत आहेत. दिवसभर मशीनवर बसल्यावर मला नीट लिहिता येत नाही, म्हणून त्या वहीत अक्षर माझ्या मुलीचं आहे.