पीटीओ-पंप अडॅप्टर: तयार, लेथवरचा आणि टाळता येण्याजोगा

खडी, मुरूम किंवा दीपनगरच्या वीजकेंद्राची राख ओढणाऱ्या टिपरचा, ट्रॉली उचलणारा हायड्रॉलिक पंप गेला, की हाताशी असलेला दुसरा पंप लावून गाडी चालू करायची घाई होते. त्या पंपाचं तोंड पीटीओला (गिअरबॉक्सवरून पंप फिरवणाऱ्या भागाला) जुळत नाही, म्हणून मधे जोड देणारा अडॅप्टर येतो. धुळे-जळगाव पट्ट्यात तो तीन रूपांत दिसतो: बिडाचा तयार, फ्लँजवाल्या (बोल्टची भोकं असलेल्या सपाट काठाच्या) घरात स्टीलची स्लीव्ह, म्हणजे आत दात असलेली नळी, असलेला तयार, आणि लेथवर करून घेतलेला.

घ्यायला जाण्याआधी व्हर्नियर काढा. टिपरच्या पीटीओवर बहुतेक तीन बोल्टचं युनी (इटालियन मानक) किंवा चार बोल्टचं आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक) तोंड असतं. आयएसओचा पायलट, म्हणजे मधला उंच गोल काठ, ८० मिमी, बोल्ट ८० बाय ८० च्या चौकोनात, आणि शाफ्टला सरळ बाजूंचे आठ दात, माप ८×३२×३६ (दात, आतला व्यास, बाहेरचा व्यास). लोडर किंवा इतर यंत्रातून काढलेला पंप बहुधा दोन बोल्टचा एसएई (अमेरिकन मानक) असतो. एसएई-एचा पायलट ८२.५५ मिमी, बोल्टांतलं अंतर १०६.४, एसएई-बीचा पायलट १०१.६, अंतर १४६. फसगत होते ती बीमध्ये: फ्लँज तोच, पण शाफ्ट १३ दातांचा किंवा १५ दातांचा (त्याला बीबी म्हणतात). फोनवर नुसतं ‘एसएई-बी’ सांगितलं तर १३ दातांचाच माल येण्याची शक्यता जास्त. दात मोजून सांगा, आणि ते शाफ्टवर बाहेरून आहेत की आत खोबणीत, हेही सांगा.

युनीला आयएसओ जोडणारा बिडाचा तयार अडॅप्टर या तिघांत सर्वात भरवशाचा. विकत घेताना बाजूला एक बारीक भोक आहे का ते बघा. आत दोन ऑईल सील असतात, एक गिअर ऑईल अडवतो, दुसरा हायड्रॉलिक, आणि त्यांच्या मधली गळती या भोकातून बाहेर ठिबकते. भोकच नसेल किंवा कोणी रंग मारून बुजवलं असेल, तर पंपाचा सील फुटल्यावर हायड्रॉलिक ऑईल सरळ गिअरबॉक्समध्ये जातं. टाकीतलं ऑईल कमी होतं, गिअरबॉक्सची पातळी वाढते, फेस येतो, आणि गळती कुठेच दिसत नाही म्हणून मिस्त्री भलतीकडे शोधत बसतो.

एसएई पंपासाठीचा स्लीव्हवाला अडॅप्टर चालतो, पण त्याचा शत्रू कोरडेपणा. गिअरबॉक्सचं ऑईल स्लीव्हपर्यंत पोचत नसेल तर दात एकमेकांवर बारीक घासतात आणि सांध्यातून विटकरी रंगाची पूड बाहेर येते. ती दिसली म्हणजे दात खाल्ले जायला लागलेत. जोडताना मॉलिब्डेनमवालं ग्रीस पूर्ण दातांना लावायचं; साधं चेसिसचं ग्रीस उन्हाळ्यात पातळ होऊन निघून जातं, आणि जळगावचा मे महिना सांगायला नको.

लेथवरचा अडॅप्टर स्वस्त आणि संध्याकाळपर्यंत हातात. करणाऱ्याचं म्हणणं ठरलेलं, “दात बसस ना, मंग काय?” दात बसणं हा सर्वात सोपा भाग आहे. ८२ सीसीचा पंप १५० बारला चालवला तर हिशेबाने १९६ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो (सीसी गुणिले बार, भागिले ६२.८), घर्षण धरून सुमारे २१५. ईएन-८ (साधं पोलाद) च्या कच्च्या दातांना रोजच्या कामात हे फार दिवस झेपत नाही; किमान ईएन-१९ (मिश्र पोलाद), हार्डनिंग करून, मागा. दुसरं, दोन्ही तोंडं एकाच सेटिंगमध्ये किंवा पक्क्या मॅन्ड्रेलवर (भोकात घट्ट बसणाऱ्या दांड्यावर) कातलेली हवीत. पायलट सैल ठेवून बोल्टांवर पंप लटकवला तर मध्यरेषा सुटते, आधी सील जातो, मग पंपाचा बुश. डायल गेज लावून फिरवताना ०.१ मिमीच्या वर हलत असेल तर तो परत करा, पैसे बुडाले तरी. स्लॉटिंग मशीनवर एकेक दात पाडलेला भाग टाळून ब्रोचने (सगळे दात एकदम कापणाऱ्या हत्याराने) काढलेला घ्या. स्लॉटिंगमध्ये दातांचं अंतर चुकलं की भार दोन-तीन दातांवरच येतो.

जोडताना पंप हाताने पूर्ण बसतो का ते बघायचं, बोल्टने ओढून बसवायचा नाही. शाफ्टच्या टोकाला आतमध्ये २ ते ३ मिमी मोकळी जागा राहिली पाहिजे. नाही राहिली तर बोल्ट आवळताना शाफ्ट पंपाच्या गिअरला मागे दाबतो, आतली प्लेट झिजते आणि थोड्याच दिवसांत ट्रॉली अर्ध्यावर थांबायला लागते. दोष मात्र पंपावर येतो.

फिरण्याची दिशा अडॅप्टर बदलत नाही. पंपाची दिशा शाफ्टच्या बाजूने बघून ठरते. उलट फिरला तर सीलवर दाब येऊन तो पहिल्याच उचलीत फुटतो.

अडॅप्टरमुळे पंप पीटीओपासून आणखी लांब सरकतो, हे वजनाच्या हिशेबात धरा. १८ किलोच्या वरच्या पंपाला गिअरबॉक्सवरूनच आधार द्या. चेसिसवरून दिलेला आधार गिअरबॉक्सच्या हलण्याशी भांडतो आणि पीटीओचं कवच तडकतं.

पंप नवाच घ्यायचा असेल तर अडॅप्टर विसरा. तोच पंप युनी किंवा आयएसओ तोंडाचा मिळतो का ते आधी विचारा. लेथच्या चकरा, दोन जादा सील आणि एक जादा सांधा यांच्यापुढे त्याची जास्तीची किंमत बहुतेक वेळा कमीच भरते. अडॅप्टर लावलाच, तर पहिल्या दहा तासांनी बोल्ट पुन्हा आवळा: ८.८ ग्रेडचा एम-१२ कोरडा असेल तर ८० न्यूटन-मीटरच्या आसपास.