ई-झिरो म्हणून भलताच प्लाय गळ्यात मारला, घराचं काम चालू असेल तर वाचाच

लेकीला दम्याचा त्रास आहे, म्हणून तिच्या खोलीतल्या कपाटासाठी दुकानात स्पष्ट सांगून ई-झिरो प्लाय मागितला, म्हणजे ज्याच्यातून फॉर्मल्डिहाइड हा घातक वायू अगदी कमी सुटतो तो. साध्या प्लायच्या जवळपास दीडपट भाव लावला. पक्कं बिल मागितलं तर "सुतारासोबत पाठवतो" म्हणून एस्टिमेटची चिठ्ठी हातात दिली, बिल शेवटपर्यंत आलंच नाही.

लातूरचं मे महिन्यातलं ऊन तुम्हाला माहितंच आहे, दुपारभर खोली बंद राहिली की कपाट उघडताच नाकात झणका बसायचा, डोळे चुरचुरायचे, आणि लेकरू रात्र रात्र खोकायलं. दुकानदार म्हणायला, नवीन फर्निचरचा वास हाय, आठ दिवसात जातो. कुठला जातो! साध्या प्लायचे थर ज्या युरिया फॉर्मल्डिहाइडच्या डिंकानं चिकटवतात त्यातून हा वायू महिनोन्‌महिने सुटत राहतो, गरमीत जास्तच, आणि डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेनं २००४ सालीच त्याला माणसाला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत टाकलंय. दम्याच्या लेकरासाठी मागतोय हे सांगूनसुद्धा असा माल दिला, याचाच जास्त संताप येतो.

उरलेला तुकडा उलटून बघितला तर ई-झिरोचं नुसतं स्टिकर, नखानं निघालं. बाजूला आयएसआयचा शिक्का, खाली सीएम/एल नंबर, म्हणजे तो शिक्का वापरायच्या लायसन्सचा नंबर. तो नंबर आयएसआय शिक्का देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, बीआयएसच्या, बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला तर लायसन्स दुसऱ्याच कंपनीचं निघालं, तेही प्लायचं नाहीच!

त्यामुळं शीट टेम्पोत चढायच्या आधी दुकानातच उभं राहून नंबर तपासा, आणि ब्रँड, ग्रेड लिहिलेलं जीएसटीचं बिल घ्या. प्लायच पाहिजे असेल तर आयएस ७१० या मानकाचा बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारा मरीन प्लाय बघा, तो फिनॉलच्या रेझिननं (डिंकानं) चिकटवलेला असतो, त्यातून हा वायू फार कमी सुटतो. कापलेल्या कडा आणि कपाटाची मागची बाजू सुतार तशीच उघडी सोडतात, ती सील करून घ्या. आम्ही तर ते कपाट काढूनच टाकलं, आता लोखंडी कपाट आणि भिंतीत कडप्प्याचे कप्पे, आपल्याकडं पूर्वीपासून होते तसे. लेकीचा खोकला बराच कमी झालाय.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आणि बीआयएसकडं तक्रार टाकलीय, यूपीआयचं पेमेंट आणि तो तुकडा जपून ठेवलाय. तुमच्याकडं असं स्टिकर लावलेला माल आला असेल तर लॅमिनेट चढायच्या आत शिक्क्याचा फोटो काढून ठेवा, नंतर तो झाकला जातो.