तारांकित प्रश्न की लक्षवेधी?

भाऊ, नागपूरच्या मिहान औद्योगिक प्रकल्पातल्या नोकऱ्यांचा विषय आमदाराकडून मांडायचा ना, तर आधी वेळ बघ. तारांकित प्रश्न, म्हणजे आमदार विधिमंडळात मंत्र्याला विचारतो तो, अधिवेशनाच्या बराच आधी द्यावा लागतो, पण मंत्र्याला तोंडी उत्तर द्यावं लागतं, वर उपप्रश्न येतात, अन् प्रश्नोत्तराच्या तासाभरात नंबर नाही लागला तरी लेखी उत्तर मिळतं, तो कागद पुढं लय कामाचा. लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडं मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना, अधिवेशन सुरू असतानाही देता येते, पण विषय तातडीचा पाहिजे अन् मान्य झाली तरच, त्यात आपलं हिवाळी अधिवेशन छोटं. मेहनत दोन्हीत सारखीच, माहिती आपणच जमवून द्यायची.

भरती किती, स्थानिक किती असे आकडे हवे तर प्रश्न. कामगार अचानक काढले तर लक्षवेधी. पगारातून कापल्या जाणाऱ्या व्यवसाय कराचा विषय असेल, तर त्याची वर्षाला २५०० रुपयांची मर्यादा मात्र घटनेच्या कलम २७६ मध्ये आहे, ती वाढवणं-घटवणं संसदेचं काम, ते खासदाराकडं ने.